आंतरजालीय दूरचित्रवाणी

आंतरजालीय दूरचित्रवाणी : दूरचित्रवाणीचे कार्यक्रम भूप्रक्षेपण, केबल किंवा उपग्रह यांऐवजी इंटरनेटच्या म्हणजेच आंतरजालाच्या मार्गाने ग्राहकाच्या पडद्यावर आणण्याची पद्धती. यात संपूर्ण कार्यक्रम आधी उतरवून घ्यावा लागत नाही. तो लहान लहान तुकड्यांच्या रूपाने येत राहतो आणि येता येताच पाहता येतो. यावरून या पद्धतीस ‘स्ट्रीमिंग’ किंवा प्रवाही प्रेषण असे म्हणतात. केबल अथवा उपग्रहीय सेवा बंद करून केवळ या मार्गाने कार्यक्रम पाहण्याच्या प्रवृत्तीस अमेरिकेत ‘कॉर्ड-कटिंग’ ही संज्ञा रूढ झाली आहे. वरवर पाहता हा केवळ एक तार काढून दुसरी जोडण्याचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात प्रक्षेपणाचे मूलभूत तत्त्वच यात बदलते. या बदलाचे परिणाम खर्च, निवड, गोपनीयता आणि सर्वसामान्यांचा माहितीवरील हक्क या सर्वांवर होतात.

पूर्वपीठिका : केबल दूरचित्रवाणीचा उगम अमेरिकेत १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया, ऑरेगन इ. राज्यांतील डोंगराळ भागांत झाला. दूरच्या प्रक्षेपकाचे तरंग जेथे पोहोचत नसत, तेथे उंच जागी एक सामाईक आकाशक म्हणजे अँटेना उभारून त्यापासून घरोघर तारा नेल्या जात. पुढे होम बॉक्स ऑफिस या कंपनीने १९७५ साली आपली वाहिनी उपग्रहाद्वारे देशभरच्या केबलचालकांना पुरविण्यास सुरुवात केली. त्यामुळे केबल हे केवळ दुर्बल संदेश सुधारण्याचे साधन न राहता स्वतंत्र वाहिन्यांचे माध्यम बनले. १९९४ मध्ये डायरेक्टीव्ही या सेवेने अमेरिकेत अंकीय संदेश उपग्रहाकडून थेट घरावरील लहान तबकडीपर्यंत आणला.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत झाला. १९८० नंतरच्या दशकात मुंबईसारख्या शहरांतील इमारतींमध्ये एका व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरपासून अनेक घरांत तारा ओढून चित्रपट दाखविले जाऊ लागले. हेच भारतीय केबलव्यवसायाचे प्रारंभीचे रूप होय. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी आलेले उपग्रहीय वृत्तप्रक्षेपण, त्याच वर्षी आलेली स्टार टीव्ही ही सेवा आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी टीव्ही वाहिनी यांमुळे हा व्यवसाय झपाट्याने वाढला. त्यास १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाने कायद्याची चौकट मिळाली. थेट घरापर्यंतची म्हणजे डीटीएच सेवा डिश टीव्हीने २००३ मध्ये सुरू केली. प्रसार भारतीची डीडी डायरेक्ट प्लस ही विनाशुल्क सेवा डिसेंबर २००४ मध्ये आली; तीच पुढे डीडी फ्री डिश या नावाने ओळखली जाऊ लागली.

तत्त्व : भूप्रक्षेपण, केबल व उपग्रह या तिन्ही पद्धतींमध्ये एक संदेश एकाच वेळी सर्वांना पाठविला जातो. विषुववृत्ताच्या वर सु. ३५,७८६ किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहाची शलाका संपूर्ण देशावर पडते. त्या क्षेत्रात एक तबकडी असो वा एक कोटी, उपग्रहाला लागणारी शक्ती आणि प्रक्षेपकाचा खर्च यांत फरक पडत नाही. प्रेक्षक वाढला की दरडोई खर्च घटतो.

आंतरजालीय पद्धतीत मात्र सर्वसाधारणपणे प्रत्येक प्रेक्षकासाठी संदेशाची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. एकाच इमारतीतील दहा घरांत एकच सामना पाहिला जात असला, तरी दहा स्वतंत्र प्रवाह वाहत असतात. त्यामुळे प्रत्येक प्रेक्षकाबरोबर खर्चही वाढतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेला विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना हॉटस्टार या सेवेवर एका वेळी जास्तीत जास्त ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. प्रत्येकास सेकंदाला सरासरी केवळ २ मेगाबिट माहिती लागली असे गृहीत धरले, तरी एकूण प्रवाह सेकंदाला सु. १२ कोटी मेगाबिट होतो. त्याच सामन्याच्या उपग्रहीय प्रक्षेपणास प्रेक्षकसंख्या कितीही वाढली तरी अधिक क्षमता लागली नाही.

याच भेदाची दुसरी बाजू प्रेक्षकाच्या लाभाची आहे. प्रत प्रत्येकासाठी स्वतंत्र असल्यामुळे कोणता कार्यक्रम, केव्हा व कोठून पाहावयाचा हे प्रेक्षक ठरवू शकतो. कार्यक्रम थांबविता येतो, मागे नेता येतो आणि अर्धा राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पडद्यावर पुढे पाहता येतो. एकाने सर्वांना पाठविण्याच्या पद्धतीत हे स्वातंत्र्य मूलतःच नसते.

कार्यपद्धती : कॅमेऱ्यापासून निघालेली मूळ अंकीय माहिती फार प्रचंड असते. एका चित्रचौकटीतील जो भाग पुढील चौकटीत तसाच राहतो तो पुन्हा न पाठविता फक्त बदल तेवढा नोंदविणे, या व अशा इतर युक्तींनी ती संक्षिप्त केली जाते. यास संपीडन म्हणतात. एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) व एव्ही१ (२०१८) ही त्यांची प्रचलित मानके होत.

संपीडित कार्यक्रमाच्या वेगवेगळ्या गुणवत्तेच्या अनेक आवृत्त्या तयार करून प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. हे तुकडे निरनिराळ्या शहरांत ठेवलेल्या सर्व्हरांवर आगाऊ साठविले जातात, म्हणजे प्रत्येक मागणीसाठी मूळ केंद्रापर्यंत जावे लागत नाही. ग्राहकाकडील उपकरण एकेक तुकडा मागवून घेते आणि तो किती वेगाने आला यावरून पुढचा तुकडा कोणत्या गुणवत्तेचा मागवावयाचा हे ठरवते. जोडणी मंद झाली की चित्र काही काळ अस्पष्ट होते, पण थांबत नाही. वेग वाढताच ते पुन्हा स्वच्छ होते. ॲपल कंपनीची एचएलएस (२००९) आणि २०१२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश या पद्धती याच तत्त्वावर चालतात. वेगातील चढउतार सोसता यावा म्हणून काही सेकंदांचा मजकूर उपकरणात आधीच साठवून ठेवलेला असतो. या साठ्यामुळेच थेट प्रक्षेपणातील दृश्य आंतरजालावर बहुधा काही सेकंद उशिरा दिसते. शेजारच्या घरात उपग्रहीय प्रक्षेपण चालू असल्यास आधी तेथील जल्लोष ऐकू येतो आणि मग आपल्या पडद्यावर षटकार दिसतो, तो याच कारणाने.

ग्राही उपकरणे : नव्या प्रकारच्या ‘स्मार्ट’ दूरचित्रवाणी संचात आंतरजालाशी जोडणी करण्याची सोय अंगभूत असते. जुन्या संचास एचडीएमआय खोबण असल्यास तीत एक छोटे उपकरण बसवून तेच काम साधता येते. या उपकरणात लहानसा संगणकच असतो : तो वाय-फायद्वारे राउटरकडून माहिती घेतो, तिचे विसंकेतन करतो आणि चित्र व ध्वनी संचाकडे पाठवतो. या वर्गातील आद्य उपकरणांपैकी ॲपल टीव्ही २००७ मध्ये व रोकू २००८ मध्ये बाजारात आले. २०१३ साली गूगलने क्रोमकास्ट हे अंगठ्याएवढे उपकरण अमेरिकेत केवळ ३५ डॉलरांस विक्रीस आणले. ॲमेझॉनची फायर टीव्ही ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली व तिची काडीसारखी आवृत्ती २०१७ पासून भारतात मिळू लागली.

आवश्यक वेग चित्राच्या स्पष्टतेवर अवलंबून असतो. उच्च स्पष्टतेच्या एका प्रवाहास सेकंदाला साधारणपणे ५ मेगाबिट, तर अतिउच्च म्हणजे ४के स्पष्टतेच्या प्रवाहास सु. १५ मेगाबिट वेग लागतो. ५ मेगाबिट वेगाने तासाभरात सु. २.२५ गिगाबाइट माहिती खर्च होते. रोज चार तास पाहणाऱ्या कुटुंबाचा महिन्याचा वापर यावरून २७० गिगाबाइट येतो. यामुळे घरात प्रकाशीय तंतूची अथवा तत्सम स्थिर जोडणी असल्यास ही पद्धती सुखाची ठरते. केवळ मोबाइलच्या दैनंदिन मर्यादेवर ती चालविणे कठीण जाते. घरात एकाच वेळी दोन-तीन पडदे चालू असल्यास वेगाची गरज त्या पटीत वाढते.

अमेरिकेतील स्थित्यंतर : १९९७ मध्ये स्थापन झालेली नेटफ्लिक्स ही कंपनी प्रथम टपालाने चित्रपटांच्या तबकड्या भाड्याने देत असे. जानेवारी २००७ मध्ये तिने प्रवाही सेवा सुरू केली. त्या काळी केबल कंपन्या शेकडो वाहिन्यांचा एकत्रित संच विकत व त्यांतील थोड्याच वाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या जात. न पाहिलेल्याचे पैसे भरावे लागतात ही तक्रार केबल सोडण्यामागील प्रमुख प्रेरणा होती. नील्सन या मापनसंस्थेच्या आकडेवारीनुसार जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील एकूण दूरचित्रवाणी-दर्शनात प्रवाही सेवांचा वाटा (३४.८ टक्के) केबलहून प्रथमच अधिक झाला. मे २०२५ मध्ये तो ४४.८ टक्क्यांवर जाऊन भूप्रक्षेपण व केबल यांच्या एकत्रित वाट्याच्याही (४४.२ टक्के) पुढे गेला.

तथापि बचतीची अपेक्षा सर्वस्वी पूर्ण झाली नाही. केबलवरील वाहिन्याच आंतरजालातून देणारी यूट्यूब टीव्ही ही सेवा २०१७ मध्ये महिना ३५ डॉलरांस सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिचा दर ८२.९९ डॉलर झाला. निर्मितिसंस्थांनी आपापल्या स्वतंत्र सेवा काढल्यामुळे कार्यक्रम विखुरले गेले व अनेक सदस्यत्वे घेण्याची वेळ ग्राहकावर आली. जाहिरातींपासून मुक्ती हा या सेवांचा सुरुवातीचा एक विशेष होता. परंतु नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह स्वस्त योजना आणली आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत, तर जून २०२५ पासून भारतात मूळ सदस्यत्वातच जाहिराती समाविष्ट केल्या. वाहिन्यांचा संच, जाहिराती आणि वाढते शुल्क ही जुन्या व्यवस्थेची तिन्ही लक्षणे अशा रीतीने नव्या व्यवस्थेत परतली आहेत. मात्र एक भेद टिकून आहे. ही सदस्यत्वे बहुधा मासिक असतात व तंत्रज्ञाला न बोलावता घेता वा सोडता येतात.

भारतातील स्थिती : भारतात हॉटस्टार २०१५ मध्ये व नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ डिसेंबर २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइलवरील माहितीचे दर झपाट्याने उतरले. यामुळे अमेरिकेच्या उलट क्रम येथे घडला : प्रवाही कार्यक्रम प्रथम तळहातावरील पडद्यावर रुजले व नंतर भिंतीवरील संचाकडे वळले. भारतातील केबलचे शुल्क पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत मुळातच कमी असल्याने ती सोडण्याची आर्थिक निकडही तेवढी नव्हती. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमलात आलेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) दरविषयक आदेशाने ग्राहकास वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क दिला. परंतु निवडीची ही पद्धत अनेकांना किचकट वाटली आणि काहींचे देयक वाढले.

क्रीडाप्रसारणाच्या हक्कांवरून या स्थित्यंतराची व्याप्ती लक्षात येते. जून २०२२ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या २०२३–२७ या पाच हंगामांचे भारतातील हक्क लिलावाने विकले गेले. त्यांत दूरचित्रवाणीच्या हक्कांस २३,५७५ कोटी रुपये मिळाले, तर अंकीय हक्कांच्या दोन संचांस मिळून त्याहून किंचित अधिक रक्कम मिळाली. २०२३ व २०२४ चे हंगाम जिओसिनेमावर विनाशुल्क दाखविण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार यांच्या एकीकरणातून जिओहॉटस्टार ही सेवा निर्माण झाल्यावर मात्र पूर्ण सामना पाहण्यासाठी सदस्यत्व अथवा ठराविक मोबाइल योजना आवश्यक ठरली.

मराठीच्या दृष्टीने या पद्धतीचा एक लाभ उल्लेखनीय आहे. उपग्रहाची शलाका ठराविक भूभागापुरतीच असते. आंतरजालास ही मर्यादा नाही. त्यामुळे महाराष्ट्र व गोव्याबाहेरील आणि परदेशांतील मराठी भाषकांना मराठी मालिका, चित्रपट व बातम्या त्या त्या प्रदेशापुरत्या हक्कांच्या मर्यादेत पाहता येतात. उलटपक्षी, गावचा उत्सव, स्थानिक बातम्या व निवडणुकीचे निकाल दाखविणारी केबलचालकाची स्थानिक वाहिनी ग्राहक घटल्याने क्षीण होते. आपल्या जुन्या ग्राहकांना प्रकाशीय तंतूद्वारे आंतरजाल पुरवून अनेक केबलचालकांनी व्यवसाय टिकविला आहे. अशा घरी ‘केबल सोडली’ तरी तार पुष्कळदा त्याच चालकाची असते.

गुणदोष : निवडीचे स्वातंत्र्य, जुन्या कार्यक्रमांचा मोठा साठा, अनेक भाषांतील उपशीर्षके व ध्वनी, तसेच छतावरील तबकडीची अनावश्यकता हे या पद्धतीचे प्रमुख गुण होत. डीटीएचसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू पट्ट्यातील तरंग मुसळधार पावसात क्षीण होऊन चित्र नाहीसे होते. कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात हा अनुभव नित्याचा आहे. तारेतून येणाऱ्या आंतरजालास ही अडचण नाही, परंतु वादळात खांब किंवा तार तुटल्यास तेही बंद पडते.

दोषांपैकी पहिला परावलंबित्वाचा आहे. साधा दूरचित्रवाणी संच वीस वर्षेही चालत असे. प्रवाही उपकरणाचे आयुष्य त्याच्या यंत्रभागांइतकेच उत्पादकाच्या आज्ञावलीवर अवलंबून असते. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे त्यांतील सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभर एकाएकी निकामी झाली; उत्पादकाने दुरुस्त आज्ञावली पाठविल्यावरच ती पूर्ववत झाली. दुसरा दोष मालकीसंबंधी आहे. सदस्यास मिळतो तो पाहण्याचा तात्पुरता परवाना होय. सेवेचा हक्ककरार संपताच कार्यक्रम साठ्यातून नाहीसा होऊ शकतो. तिसरा गोपनीयतेचा आहे. तबकडीवर पडणाऱ्या शलाकेला कोण काय पाहतो हे कळत नाही. प्रवाही सेवेस मात्र प्रत्येक मागणी नोंदवावीच लागते. कोणते दृश्य कोठे थांबविले येथपर्यंतची माहिती तीतून जमा होते व शिफारशींसाठी अथवा जाहिरातींसाठी वापरली जाऊ शकते.

नियमन : केबल व उपग्रहीय वाहिन्यांना कार्यक्रमसंहिता व जाहिरातसंहिता लागू आहेत. प्रवाही सेवांचे नियमन भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये जारी झालेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक नियमांखाली होते. त्यांनुसार कार्यक्रमाचे वयोगटानुसार वर्गीकरण सेवेनेच करावयाचे असते आणि तक्रारनिवारणाची त्रिस्तरीय व्यवस्था असते. ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार माहितीचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. वाहिनी व तार एकाच उद्योगसमूहाच्या हाती असताना इतरांच्या सेवांना दुजाभाव मिळू नये, या दृष्टीने हे तत्त्व महत्त्वाचे आहे.

सार्वजनिक प्रसारणाचा प्रश्न : केबल किंवा तबकडी सोडावी की नाही, हा सुस्थित कुटुंबापुढे सोयीचा व खर्चाचा प्रश्न असतो. समाजापुढील प्रश्न वेगळा आहे. प्रेक्षक पुरेसे घटल्यावर सामाईक प्रक्षेपणाचा खर्च कोणी व का करावा, असा विचार पुढे येतो. ब्रिटनमध्ये भूप्रक्षेपण किमान २०३४ पर्यंत चालू ठेवण्याची तरतूद आहे. त्यानंतर ते बंद करून सर्वांना आंतरजालावर आणावे काय, याची चर्चा तेथे चालू आहे. भारतात दूरदर्शनचे बहुतेक जुने भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. त्यामुळे ज्या घरी मासिक शुल्क परवडत नाही, तेथे डीडी फ्री डिश हाच मुख्य आधार उरला आहे. बोलीभाषेत जिला ‘छत्री’ म्हणतात ती तबकडी व सेट-टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च केला, की पुढे काहीही द्यावे लागत नाही. २०२२ च्या सुमारास अशी घरे चार कोटींहून अधिक असल्याचा अंदाज होता.

२००७ च्या अधिनियमानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या क्रीडास्पर्धांचे संदेश खाजगी हक्कधारकांना प्रसार भारतीस द्यावे लागतात, ते याच प्रेक्षकासाठी. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे संदेश प्रसार भारतीने केवळ आपल्या भूप्रक्षेपणावर व विनाशुल्क उपग्रहीय सेवेवर वापरावेत, असा निर्णय दिला. ज्या स्पर्धा या यादीत नाहीत आणि ज्या केवळ प्रवाही सेवांवरच दाखविल्या जातात, त्या अशा घरांना अप्राप्य राहतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ ही स्वतःची प्रवाही सेवा सुरू केली. तीवर दूरदर्शन व आकाशवाणीच्या जुन्या कार्यक्रमांचा साठाही उपलब्ध आहे. अशा सेवेमुळे सार्वजनिक प्रसारकास नवा मार्ग लाभतो. परंतु तो वापरण्यासाठी ग्राहकाकडे आंतरजालाची जोडणी असावी लागते आणि तिचे शुल्क त्यालाच भरावे लागते. प्रलय, साथ किंवा युद्ध अशा प्रसंगी एकच संदेश एकाच क्षणी सर्वांपर्यंत नेण्याची आणि गर्दीने न कोलमडण्याची क्षमता सामाईक प्रक्षेपणातच अधिक आहे. यामुळे आंतरजालीय दूरचित्रवाणी ही निवडीच्या दृष्टीने श्रेष्ठ असली, तरी विनाशुल्क सामाईक प्रक्षेपणाची जागा ती आजच्या स्थितीत पूर्णपणे घेऊ शकत नाही.